फोर्ड ९-इंच: घरच्या गॅसरला हा मागचा एक्सल घालावा का?

गॅसर म्हटलं की नजर आधी पुढे जाते. वर उचललेलं नाक, लीफ स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवलेला सरळ एक्सल, बॉनेटमधून डोकं काढलेले कार्ब्युरेटर. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत ड्रॅग स्ट्रिपवर पेट्रोलच्या 'गॅस' वर्गांत धावणाऱ्या या गाड्या: विलिस कूप, १९५५ ते ५७ची शेव्हरोले, इवलीशी अँग्लिया. आज त्याच धाटणीची गाडी घरी बांधणाऱ्याचे पैसेही बहुतेक पुढेच संपतात. मग चिकट स्लिक टायर घालून पहिल्यांदा क्लच सोडला की 'टक्' असा आवाज मागून येतो. म्हणून हे परीक्षण मागच्या भागाचं.

फोर्डचा ९-इंच एक्सल १९५७ साली आला आणि १९८६पर्यंत कारखान्यातून बसून येत राहिला. ९ इंच म्हणजे क्राऊनचा, आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा, व्यास. आपल्याकडे ट्रकचं डिफरन्शियल पुढच्या बाजूने उतरवताना पाहिलेल्याला याची रचना लगेच कळेल. मागे बंद घुमट, पुढे दहा नट, ते काढले की क्राऊन आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन यांच्यासकट अख्खा गोळा हातात. 'हातात' हे बोलण्यापुरतं; वजन सत्तर-ऐंशी पाउंड भरतं आणि पाठीवर झोपून एकट्याने ते बसवायला जाणं हा गाढवपणा आहे. जॅक आणि दुसरा माणूस घ्या.

घरी काम करणाऱ्याला खरा फायदा हाच. प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, आणि दात एकमेकांवर कुठे टेकतात तो ठसा टेबलावर, उजेडात, बसून जुळवता येतो. प्ले साधारण ०.००८ ते ०.०१२ इंच, म्हणजे आठ ते बारा थाऊ ठेवायचा, आणि तो शिम (पातळ चकती) घालून नव्हे तर दोन्ही बाजूंच्या आट्यांच्या रिंगा फिरवून. पिनियनची खोली मात्र शिमवर ठरते, आणि इथे जनरल मोटर्सच्या एक्सलवर हात बसलेला माणूस हमखास फसतो. तिथे जाड शिम घातली की पिनियन क्राऊनच्या जवळ सरकतं. ९-इंचात शिम पिनियनच्या सपोर्टखाली, बाहेरच्या बाजूला बसते. जाड केली की पिनियन लांब जातं. ठसा दोनदा उलट सरकला तर आधी हे आठवा.

मजबुतीचं कारणही पिनियनमध्येच आहे. त्याच्या मानेवर दोन टेपर बेअरिंग असतातच, पण शेपटाकडेही एक छोटं रोलर बेअरिंग त्याला धरून ठेवतं. त्यामुळे जोर आला की पिनियन क्राऊनपासून दूर ढकललं जात नाही. किंमत मोजावी लागते ती घर्षणात. पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा बरंच खाली बसतं, दात घासत फिरतात, आणि शेव्हरोलेच्या १२-बोल्ट एक्सलपेक्षा हा थोडी जास्त ताकद खातो. वजनालाही जड आहे. सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी भांडणाऱ्याने याचा विचार करावा. शनिवारी गाडी बाहेर काढणाऱ्याला फरक जाणवायचा नाही.

भंगारातून घ्यावा का? घेता येतो, पण डोळे उघडे ठेवून. ८-इंच हा त्याचा धाकटा भाऊ दिसायला अगदी तसाच. खूण सोपी: ९-इंचाच्या गोळ्याच्या अगदी खालच्या दोन नटांवर सॉकेट बसत नाही, पाना लावावा लागतो; ८-इंचाचे सगळे नट सॉकेटने निघतात. गोळ्याच्या कास्टिंगवर ठळक 'एन' असेल तर ते नोड्यूलर लोखंड, जास्त चिवट. ते मिळालं तर उत्तमच, म्हणून विकणारा त्याचे वेगळे पैसे लावतो. एक्सल शाफ्टचे दात मोजा: २८ की ३१. स्लिक घालणार असाल तर २८चा विचारच नको. रुंदीने अरुंद हवा असेल तर १९५७ ते ५९च्या फोर्ड वॅगन आणि रँचेरोचा, सुमारे सव्वा सत्तावन्न इंची, बघा.

तरी माझं मत नव्या हाउसिंगच्या, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या, बाजूने. करी, मोझर, स्ट्रेंज यांसारखे अमेरिकन कारखाने हव्या त्या रुंदीचं, हव्या त्या टोकांचं हाउसिंग आणि ३१ किंवा ३५ दातांचे शाफ्ट बनवून देतात. जुनं हाउसिंग कापून अरुंद करणं, नवी टोकं जोडणं, नवे शाफ्ट, नवे ब्रेक असा हिशेब मांडला की भंगाराची स्वस्ताई बरीचशी विरते. ऑर्डर देताना तीन मापं नक्की द्या. टायरचा फुगवटा आणि मागचा कापलेला मडगार्ड धरून चाकाच्या बैठकीपासून बैठकीपर्यंतची रुंदी. बोल्टचा घेर, म्हणजे बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास: शेव्हरोलेचा ५ बाय पावणेपाच इंच, फोर्डचा ५ बाय साडेचार, पुढची चाकं वेगळ्या घेराची निघाली की एकच स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. तिसरं, टोकापासून चाकाच्या बैठकीपर्यंतचं अंतर, कारण ब्रेकची प्लेट त्यावर ठरते. फोर्ड टोरिनो गाडीच्या पद्धतीच्या मोठ्या टोकाला ते अडीच इंच असतं. हे चुकलं की ड्रम प्लेटवर घासतो, नाहीतर मध्ये बोटभर फट राहते.

आता सगळ्यात जास्त बिघडणारं काम: वेल्डिंग. पाट्यांच्या बैठका आणि लॅडर बारचे (एक्सलला चेसिसशी जोडून पिळू न देणाऱ्या दांड्यांचे) ब्रॅकेट हाउसिंगच्या नळीवर जोडताना वेल्ड थंड होऊन आखडतं आणि नळी त्या बाजूला वाकते. डोळ्याला दिसत नाही. लक्षणं पुढे दिसतात: शाफ्ट शेवटचा इंचभर आत जाताना अडतो, बेअरिंग लवकर जातं, नवं ऑइल सील महिन्यात गळतं, आणि सगळे सीलला शिव्या घालत बसतात. उपाय म्हणजे इंच-इंचाचे टाके, एक इकडे, पुढचा बरोबर विरुद्ध बाजूला, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ देत. शेवटी मशीन शॉपमध्ये दोन्ही टोकांतून आणि गोळ्याच्या जागेतून जाणारा सरळ बार घालून तपासायचं. वाकलेलं असेल तर उलट बाजूला उष्णता देऊन ओढून घेतात. वेल्डिंगची अर्थिंगची क्लिप हाउसिंगवरच लावा. बेअरिंगमधून करंट गेला की ते तिथेच मेलं.

बैठका पक्क्या जोडायची घाई करू नका. गॅसरचं नाक वर केलं की इंजिन आणि गिअरबॉक्सचं शेपूट खाली झुकतं, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. पुढचा एक्सल, इंजिन, टायर, सगळं वजन जमिनीवर आल्यावरच पिनियनचा कोन ठरवा. नुसते पाटे असतील तर पिनियनचं नाक दोनेक अंश खाली ठेवतात, जोर आल्यावर ते उचलून गिअरबॉक्सच्या शाफ्टला समांतर येतं. लॅडर बार असतील तर एवढं उचललं जात नाही. आणि पाटे अधिक लॅडर बार असा जोड करणाऱ्याने पाट्यांची बैठक नळीवर फिरती ठेवलीच पाहिजे. दोघांचे वर-खाली जायचे कंस वेगळे. घट्ट बांधले तर एकमेकांना अडवतात आणि शेवटी ब्रॅकेट फाटतं.

रेशोबद्दल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे, त्याबद्दल थोडक्यात. मन्सी या चार-स्पीड गिअरबॉक्सचा टॉप गिअर १:१ असतो. २९ इंची टायरवर ताशी ६० मैलांना ४.५७ रेशोत इंजिन सुमारे ३,१८० फेरे मारतं, ४.११मध्ये सुमारे २,८६०, ३.७०मध्ये २,५७०. जुन्या छायाचित्रांवर भाळून ४.५७ घालणारे वर्षभरात बदलतात. ४.११ बरा. अर्थात, गोळाच उतरणारा असल्याने दुसरा रेशो शेल्फवर तयार ठेवता येतो, ही चैन १२-बोल्टात नाही. आत स्पूल, म्हणजे दोन्ही शाफ्ट कायमचे एकत्र जखडणारा तुकडा, घालून रस्त्यावर फिरू नका. वळणावर दोन्ही चाकं ओढली जातात आणि शाफ्ट पिळतात. डेट्रॉइट लॉकर (सरळ जाताना दोन्ही चाकं जखडणारं डिफरन्शियल) वळताना कडकड करतो, पण टिकतो. क्लचच्या चकत्यांचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर विसरू नका.

शाफ्टच्या टोकाशी आणखी एक मोठी गोष्ट आहे. इथे शाफ्टला आतल्या टोकाशी अडकवणारी सी-क्लिप नाही. शाफ्ट बेअरिंग, त्यामागची दाबून बसवलेली रिंग आणि चार बोल्टांची प्लेट यांनी टोकाशीच धरलेला असतो. शाफ्ट आत तुटला तरी चाक बाहेर पडत नाही. फक्त प्रेसवर चढवण्याआधी ती प्लेट शाफ्टवर सरकवलेली आहे ना, ते दोनदा बघा. विसरलात तर बेअरिंग कापून काढायचं आणि नवं आणायचं. बेअरिंग आणि रिंग एकदम दाबायची नाहीत, एकामागून एक.

साठच्या दशकातल्या गॅसरशी शंभर टक्के इमान राखायचं असेल तर १९५७ ते ६४चा ओल्ड्समोबिल-पाँटिअॅक एक्सल शोधा. त्या काळी त्याला मोठा मान होता. क्राऊन ९.३ इंच, दणकट. सुटे भाग मात्र तुरळक आणि महाग, म्हणून वर्षातून दहा वेळा स्ट्रिपवर जाणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

बसवताना दहाही नटांखाली तांब्याचे वॉशर घाला, नाहीतर तेल आट्यांतून झिरपतं. ब्रीदर, म्हणजे हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारं भोक, उघडा ठेवा. तो बुजला की गरम हवा तेलाला सीलमधून थेट ब्रेकवर ढकलते. जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० तेल, साधारण अडीच क्वार्ट. नव्या क्राऊन-पिनियनला पहिल्यांदा पंधरा-वीस मैल सावकाश चालवून पूर्ण थंड होऊ द्यायचं, असं दोन-तीनदा, आणि ५०० मैलांवर तेल बदलायचं. बहुतेक ९-इंच हाउसिंगना तेल सोडायचं बूच नसतं, गोळा सैल करून तेल काढावं लागतं. नवं हाउसिंग मागवतानाच तळाशी बूच लावून मागा.