जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळचं गॅरेज: इंजिन न उघडता दोष सापडला

माझी २००३ ची मारुती ८०० सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, पाळधीच्या चढावर दम तोडायची. एकाने थेट इंजिनकाम सांगितलं होतं, खर्च २२ हजार. बाबांची गाडी, विकवत नव्हती.

इथल्या मिस्त्रींनी चालू इंजिनवर एकेका स्पार्क प्लगची (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडतो तो) वायर काढून पाहिली. दोन नंबरची काढली तरी आवाज बदलला नाही, म्हणजे तीनपैकी तोच सिलिंडर बंद! मग त्याचा प्लग एक नंबरला लावला. दोष दोनवरच राहिला, म्हणजे प्लग ठीक होता. शेवटी शटर ओढून अंधार केला, तर तडकलेल्या वायरमधून निळी ठिणगी बाहेर उडताना दिसली.

"इंजिन चांगलं शे भाऊ, वायर बदला."

वायरींचा संच आणि मजुरी मिळून ९५० रुपये. जुना संच हातात दिला. रविवारी गर्दी असते, सकाळी नऊलाच जा.