सातपूरच्या शेडवरील जुने सिमेंटचे पत्रे उतरवण्याचे काम : एक परीक्षण

सातपूर औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहान शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढून त्या जागी रंगीत लोखंडी पत्रे बसवण्याचे काम या उन्हाळ्यात एका स्थानिक ठेकेदाराकडून करून घेतले. नवे पत्रे व्यवस्थित बसले आहेत, जोड नीट आहेत, आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. परीक्षण करायचे ते जुने पत्रे उतरवण्याच्या पद्धतीचे, कारण त्या पत्र्यांत सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉसचे तंतू होते.

पत्रा शाबूत असेपर्यंत हे तंतू सिमेंटमध्ये जखडलेले राहतात आणि धोका कमी असतो. मात्र तो फोडला, कापला, त्याला भोक पाडले किंवा पावसाळ्यात धरलेले शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडले, की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत मिसळतात, श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यांतील अनेक तेथेच राहतात. त्यातून ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुस कायमचे निबर होऊन दम लागण्याचा विकार, तसेच फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार, आपल्याकडील पत्र्यांत वापरला जाणारा पांढरा क्रायसोटाइलसुद्धा, मानवात कर्करोग निर्माण करणारे ठरवले आहेत.

कामाची सुरुवात चांगली झाली. मुकादमाने आदल्या संध्याकाळी आणि सकाळी पत्रे पाण्याने भिजवून घेतले, माणसे थेट पत्र्यावर न चढवता फळ्या टाकून चढवली (हे पत्रे ठिसूळ असतात आणि त्यांतून खाली कोसळून होणारे अपघात कर्करोगाइतकी वर्षे थांबत नाहीत), आणि बहुतेक पत्रे अखंड ठेवून दोराने खाली सोडले. एवढी शिस्त मी अन्य कोणाच्या कामात पाहिलेली नाही, म्हणून त्याचे श्रेय द्यायला हवे.

त्यानंतर मात्र गंजलेले हुक निघेनात, तेव्हा हाताने चालवायचे कटर आणण्याऐवजी ग्राइंडर लावण्यात आला आणि हुकाबरोबर पत्र्याची कडही घासली जाऊन पांढरी धूळ उडाली. मजुरांच्या तोंडाला रुमाल होते. रुमाल किंवा साधा कापडी मास्क हे तंतू अडवत नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा, पी-३ दर्जाचे (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या सर्वांत वरच्या दर्जाचे) फिल्टर असलेला मास्क लागतो. आक्षेप घेतल्यावर ग्राइंडर थांबला, परंतु मास्क आले नाहीत. संध्याकाळी त्याच कपड्यांनी सगळे घरी गेले. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत, हे सांगितल्यावर मुकादम म्हणाला, ‘साहेब, वीस वर्षं हेच करतोय, काही झालं नाही.’ हा आजार संपर्कानंतर साधारण वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो, त्यामुळे त्या वीस वर्षांचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला तो याच कारणाने. रोजंदारीवर छप्पर उतरवणाऱ्याची मात्र हजेरीही आठवड्याच्या पगारापलीकडे टिकत नाही.

सर्वांत मोठा दोष विल्हेवाटीचा. ठेकेदाराने जुने पत्रे स्वतः नेण्याची तयारी दाखवून बिलात सूट देऊ केली, कारण निफाडकडे कांदाचाळीसाठी आणि शेळ्यांच्या गोठ्यांसाठी अशा पत्र्यांना गिऱ्हाईक मिळते. कांद्याला गारवा हवा असल्याने सिमेंटचा पत्रा शेतकऱ्याला सोयीचा वाटतो, हे समजू शकते. परंतु एकदा उतरवलेला, कडा तुटलेला पत्रा तेथे पुन्हा भोके पाडून बसवला जाणार आणि उरलेले तुकडे वाटेवरच्या खड्ड्यात भरले जाणार. मी सूट नाकारली. पत्रे आणि तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, चिकटपट्टी लावून ठेवले आहेत, आणि परवानाधारक धोकादायक कचरा वाहतूकदाराकडून ते शास्त्रोक्त भरावाच्या, म्हणजे असा कचरा सुरक्षितपणे पुरण्याच्या, जागी पाठवण्याचा खर्च वेगळा येणार आहे. तो कोणत्याही ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात आपणहून लिहिलेला नव्हता.

साफसफाई समाधानकारक नव्हती. झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा दोन्ही थांबवून फरशी ओल्या फडक्याने पुसायला सांगावे लागले.

नवे छप्पर बसवण्यासाठी या ठेकेदाराची शिफारस मी करीन. जुने उतरवण्याचे काम त्याला द्यायचे असेल, तर पत्रे भिजवणे, ग्राइंडर न वापरणे, पी-३ मास्क, कामाचे वेगळे कपडे आणि पत्रे विकले न जाणे या अटी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कागदावर घ्याव्यात. ज्यांचे पत्रे अजून घट्ट आणि बिनतड्यांचे आहेत, त्यांनी केवळ पावसाळा तोंडावर आला म्हणून घाईने ते उतरवण्याचे कारण नाही. फक्त त्यांना नवी भोके पाडू नयेत आणि शेवाळ कोरडे घासू नये.