वास्तुप्रकल्पात कलावंत: टक्केवारी, डिझाइन टीम की रेसिडेन्सी?

महापालिका असो, सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च) निधी असलेली कंपनी असो की विकसक, कलावंताला प्रकल्पात घ्यायचं ठरलं की आधी रकमेवर चर्चा होते. आमच्या मते रकमेआधी टप्पा ठरवावा. तेवढ्याच पैशात कलावंत नकाशे गोठण्याआधी, म्हणजे अंतिम होण्याआधी आला तर एक निकाल लागतो, नंतर आला तर अगदी वेगळा.

बांधकाम खर्चाची टक्केवारी. खर्चाचा ठरावीक टक्का कलेसाठी राखण्याची ही पद्धत फ्रान्समध्ये 1951 पासून आहे, फिलाडेल्फियात 1959 पासून. अमेरिकेतल्या केंद्र सरकारी इमारतींसाठी अंदाजित बांधकाम खर्चाच्या किमान अर्धा टक्का रक्कम कलेसाठी राखतात. मोठा फायदा हा की पैसा अंदाजपत्रकातच असतो, त्यामुळे साहेब बदलले तरी तो टिकतो. 20 कोटींच्या इमारतीला 1% म्हणजे 20 लाख. हे सगळं मानधन समजू नका. स्ट्रक्चरल तपासणी, फॅब्रिकेशन, वाहतूक, क्रेन, विमा हे सगळं त्यातूनच भागवायचं असतं.

गाडी अडते ती उशिरामुळे. निविदा उघडल्यावर कलावंत नेमला, तर त्याच्या वाट्याला लॉबीतली एक रिकामी भिंत येते. तिच्यावर 300 किलोचं धातूचं शिल्प लावायचं तर इन्सर्ट प्लेट (शिल्प अडकवायची लोखंडी पट्टी) काँक्रीट ओतण्याआधीच सळ्यांना बांधलेली हवी. ते राहून गेलं की केमिकल अँकर, म्हणजे भोक पाडून रसायनाने चिकटवलेले बोल्ट, मारावे लागतात. मग ड्रिल सळीवर आपटतं, भोक सरकवावं लागतं आणि प्लेट जुळत नाही. बाहेरची भिंत असेल तर त्याच जागेतून पावसाळ्यात पाणी शिरतं. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची) निघाली तर मागे स्टीलची चौकट उभारण्यावाचून इलाज नाही, आणि तिचे पैसे कुणाच्याच बीओक्यूत (निविदेतल्या कामांच्या आणि परिमाणांच्या यादीत) नसतात.

डिझाइन टीममध्ये मानधनावर कलावंत. सिएटलने 1973 मध्ये 1% चा नियम केला. मग 1970 च्या दशकाच्या अखेरीस व्ह्यूलँड्स-हॉफमन या वीज उपकेंद्रासाठी तीन कलावंतांना वास्तुविशारदांबरोबर आराखड्याच्या कामात घेतलं. पैसा टक्केवारीचाच होता, फक्त कलावंत लवकर आला.

इथे कलावंताला वास्तुविशारदासारखं टप्प्याटप्प्याने द्यावं: संकल्पना, तपशीलवार आराखडा, बांधकामाचे नकाशे, साइटभेटी. वरच्या 20 लाखांतले 4-5 लाख यासाठी आधीच बाजूला काढा. मग जाळी, फरसबंदी, कुंपण, पाण्याच्या चॅनेलवरची झाकणं अशी जी कामं एरवीही करायचीच असतात त्यांना कलावंताचा हात लागतो, आणि त्यांचा मूळ खर्च बांधकामाच्या बजेटातच राहतो.

धोका वेगळा आहे. कंत्राटदार निविदेत मालाच्या नावापुढे असलेल्या ‘किंवा समतुल्य’ या शब्दांचा आधार घेऊन स्वस्त फरशी आणतो. खर्चकपातीची बैठक झाली की कलावंताच्या बाबींवर आधी काट मारली जाते. म्हणून बीओक्यूत त्या बाबी स्वतंत्र ओळीत लिहा, त्या ओळींपुरतं ‘समतुल्य’ काढा आणि एक चौरस मीटरचा नमुना कलावंताने मंजूर केल्याशिवाय पुढचं काम नाही अशी अट घाला. आणखी एक गोष्ट: कलावंताची निवड सर्वात कमी दरावर करू नका. गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना गुण देणारी पद्धत सरकारी खरेदीत उपलब्ध आहे.

रेसिडेन्सी आणि सीएसआर. रेसिडेन्सी म्हणजे कलावंताने एखाद्या खात्यासोबत किंवा जागी दीर्घकाळ राहून काम करणं. मिअर्ल लेडरमन युकेलीस 1977 पासून न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात निवासी कलावंत राहिल्या. 1979-80 मध्ये त्यांनी सुमारे 8,500 सफाई कामगारांशी हस्तांदोलन केलं. त्यातून इमारत उभी राहत नाही, पण खात्याची शहराकडे पाहण्याची नजर बदलते. बांधून झालेल्या वस्तीसाठी, बाजारासाठी किंवा बंदरासाठी हाच मार्ग योग्य. मुंबईत 2017 मध्ये ससून डॉकवर झालेला कलाप्रकल्प याच जातकुळीतला.

सीएसआरचा पैसा मात्र तपासून घ्या. कला आणि संस्कृती कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे सीएसआर खर्चाला चालणाऱ्या कामांच्या यादीत आहे, पण विकसकाने स्वतःच्या विक्रीच्या इमारतीत लावलेलं शिल्प त्यात बसत नाही. सीएसआरमधल्या अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाला सुरुवातीचं आर्थिक वर्ष धरून न घेता जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. उड्डाणपुलासारखं लांबणारं काम या मुदतीत क्वचितच बसतं.

नवी इमारत असेल आणि नकाशे अजून हलवता येत असतील तर आम्ही बिनदिक्कत दुसरा पर्याय, म्हणजे डिझाइन टीममध्ये कलावंत, सुचवू. नकाशे गोठले असतील तर टक्केवारीतलं एखादंच नीट काम करा. बांधकाम पूर्ण असेल तर रेसिडेन्सी.

मार्ग कोणताही घ्या, करारात काम हलवण्याचं कलम हवंच. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये नूतनीकरणाच्या वेळी उतरवलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 खाली (विकल्यानंतरही कामाची मोडतोड होऊ न देण्याचा कलावंताचा हक्क) उरलेलं शिल्प त्यांना परत देण्याचा आणि 5 लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणून लिहून ठेवा: काम हलवण्याआधी 60 दिवसांची लेखी नोटीस, परत नेण्याचा पहिला हक्क कलावंताचा, आणि उतरवण्याचा खर्च मालकाचा.