पॉकेट डायपर: कवच विकतचं घ्या, पट्टी आजीच्या गाठोड्यातली

हल्ली बाळंतविड्यात झबली-टोपड्यांच्या जोडीला रंगीबेरंगी कापडी डायपर हमखास येतात. कुणावर हत्ती, कुणावर आंबे, सोबत आत घालायची एकेक जाड पट्टी. घरातल्या दोन पिढ्या त्याकडे दोन नजरांनी बघतात. आईला वाटतं, आता लंगोटांच्या ढिगातून सुटका. आजीला वाटतं, एवढ्या जाडजूड प्रकारात लेकराची जांघ उबणार. थोडंथोडं दोघींचंही बरोबर आहे. या पॉकेट डायपरच्या कवचाला, म्हणजे पट्टी सोडून उरलेल्या चड्डीला, आम्ही चांगले गुण देऊ. सोबतची मायक्रोफायबरची, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांची, पट्टी जेमतेम पास.

आधी रचना. बाहेरचं कापड पीयूएल, म्हणजे पॉलिएस्टरला आतून पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला; तो ओल अडवतो. बाळाच्या अंगाला लागतं ते मऊ लोकरी स्पर्शाचं फ्लीस, जे शू स्वतःत न ठेवता खाली सोडतं, त्यामुळे बूड कोरडं लागतं. या दोन्हींच्या मधल्या खिशात पट्टी सरकवायची. पुढच्या बाजूला टिचबटणांच्या तीन ओळी उंची कमी-जास्त करायला, कमरेला वेगळी रांग.

पाकिटावर ३ ते १५-१६ किलो लिहिलेलं असतं. यातल्या ३ वर विश्वास ठेवू नका. तीन-साडेतीन किलोच्या बाळाच्या मांड्या इतक्या बारीक असतात की सर्वांत छोट्या मापावरही फट राहते आणि पातळ शी नेमकी तिथूनच निघते. पाच किलोपर्यंत लंगोटच बरा. त्यानंतर घालताना मांडीचं इलॅस्टिक मांडीवर नको, जांघेच्या घडीत बसवा, चड्डीची शिवण बसते तिथे. कमरेत दोन बोटं सहज जायला हवीत. काढल्यावर दिसणारी फिकट रेघ चालते. लाल वळ राहिला तर एक टिचबटण सैल करा. आणि फ्लीसची कड बाहेर डोकावत नाही ना, हे बोट फिरवून बघा. ती डोकावली की झबलं भिजलंच म्हणून समजा.

आता पट्टीचं दुखणं. मायक्रोफायबर शू झटकन ओढतं खरं, पण स्पंजासारखं शोषतं आणि दाबलं की स्पंजासारखंच सोडतं. म्हणून पाळण्यात तासभर कोरडं असलेलं बाळ आत्याने कडेवर घेतलं की आत्याची साडी ओली होते. दुसरं, ही पट्टी थेट त्वचेला लावायची नसते. त्वचेतली ओलही ती ओढून घेते आणि कातडी कोरडी पडते. ‘बांबू चारकोल’ नावाने विकल्या जाणाऱ्या राखाडी पट्ट्यांमध्येही बहुधा वरून राखाडी फ्लीस आणि आत तेच मायक्रोफायबर निघतं. तिसरं, तीन-चार थर एकत्र शिवलेले असल्याने जुलैत ती वाळता वाळत नाही. कोकणात किंवा मुंबईच्या बंद गॅलरीत दोन दिवस लोंबकळते आणि तरी कुबट वास येतो.

यावर उपाय गाठोड्यात आहे. जुनं मऊ धोतर किंवा सुती साडी काढा आणि ७० बाय ७० सेंटिमीटरचे चौकोन कापून कडा शिवून घ्या. एका धोतरातून पाच, साडीतून सात निघतात. चौकोन अर्ध्यात दुमडा, पुन्हा अर्ध्यात: ३५ सेंटिमीटरचा चार पदरी चौकोन झाला. आता त्याच्या तीन घड्या घाला. ३५ बाय १२ ची बारा पदरी पट्टी तयार, खिशात बरोब्बर बसते. दिवसा दोन-अडीच तास निघतात, रात्रीसाठी दोन चौकोन एकावर एक ठेवून दुमडा. मुलगा असेल तर एक टोक पुढे वळवून तिथे जाडी वाढवा. धुऊन उलगडलं की दोरीवर एकच पदर, पावसाळ्यातही पंख्याखाली काही तासांत वाळतो. कोरं मलमल घेतलंत तर आधी चार-पाचदा धुवा, नाहीतर कापसातल्या नैसर्गिक तेलकटपणामुळे पाणी वरच्या वर ओघळतं.

‘डायपर अचानक गळायला लागला’ या तक्रारीमागे मराठी घरात एक खास कारण असतं: मालीश. तेलाने माखलेल्या बाळाला न्हाऊ घालायच्या आत डायपर चढवला की तेल फ्लीसवर बसतं आणि शू आत न जाता बाजूने पळते. पुरळावरचं झिंक ऑक्साइडचं मलम आणि कपडे मऊ करणारं द्रावणही हेच करतं. फ्लीसवर पाण्याचा थेंब टाका. बोटाने दाबूनही मण्यासारखा बसून राहिला तर थर साचलाय. भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, कोमट पाणी, आणि फेस संपेपर्यंत खळबळणं. मलम लावायचंच असेल तर मध्ये सुती फडकं ठेवा.

तसंही मालीश आणि न्हाणं यांच्यामधला वेळ डायपरचा नव्हेच. उघड्या बुडाने पाय झाडत हुंकार देणारं बाळ बघण्यासारखं दुसरं काही नसतं. अधूनमधून कारंजं उडेल, त्यासाठी चटईवर जुनं दुपटं टाकावं.

धुण्याची रीत सोपी आहे, पण घरोघरी बिघडते ती बादलीत रात्रभर भिजत टाकल्याने. त्याने इलॅस्टिक सैल पडतं, पापुद्रा सुटू लागतो आणि वासही वाढतो. पट्टी काढून, शी जेटने संडासात उडवून, डायपर उघड्या टोपलीत कोरडे साठवा, फार तर दोन दिवस. मग गार पाण्याने एकदा काढा, ४० अंशांवर नेहमीच्या पावडरने धुवा, शेवटी जादा एक खळबळणी. पावडर फार कमी घातली तर मळ राहतो, फार जास्त घातली तर फेस. दोन्हींचा शेवट अमोनियाच्या उग्र वासात. बोअरच्या जड पाण्यात क्षारही साचतात, तिथे पावडर किंचित वाढवावी. कवच पिळू नका, इस्त्री नको, सावलीत वाळवा. पट्ट्या कडक उन्हात, डागही तिथेच उडतात. शेगडीवर टोपली पालथी घालून लंगोट वाळवायची आणि धुरी द्यायची जुनी पद्धत इथे अजिबात चालणार नाही, पापुद्रा वितळेल.

किती घ्यावेत? एक दिवसाआड धुणार असाल तर १२ ते १५ कवचं आणि ३० चौकोन. पावसाळ्यासाठी चौकोन वाढवा, कवचं नव्हे. टाकाऊ डायपर दिवसाला पाच आणि नगाला दहा रुपये धरले तरी महिन्याचे दीड हजार होतात, त्यामुळे पैसे लवकर वसूल होतात. पर्यावरणाचं गणित मात्र धुण्यावर अवलंबून. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २००८ च्या अहवालात हेच निघालं: मशीन भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडी डायपर सरस. मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात टाकाऊ डायपर वापरले म्हणून कुणी अपराधी वाटून घेऊ नये. फक्त कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत. पुण्यात कचरावेचकांना कळावं म्हणून त्यावर लाल ठिपका काढतात.

पुरळ दिसलं तर आधी बदलण्याची वेळ तपासा. दिवसा तीन तासांपेक्षा जास्त काळ कोणताही डायपर ठेवू नये, ‘कोरडं वाटतंय’ म्हणून तर नाहीच. जांघेच्या घडीत लालबुंद चट्टा आणि भोवती बारीक ठिपके असतील तर ती बहुधा बुरशी. घरगुती लेप न लावता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

दुकानात निवडताना इलॅस्टिक ताणून सोडा, लगेच मूळ मापाला यायला हवं. आतून उजेडाकडे धरून पापुद्र्याला सुरकुत्या नाहीत ना बघा. दुसऱ्या बाळापर्यंत सर्वांत आधी जातं ते इलॅस्टिकच, आणि ते गल्लीतला शिंपीही बदलून देतो.