छोट्या गावाचं सांडपाणी: तळी, रूट झोन की यांत्रिक प्लांट?

पाच हजार वस्तीचं गाव धरू. माणशी रोज 100 लिटर पाणी वापरलं आणि त्यातलं 80 टक्के गटारात आलं, तर दिवसाला 4 लाख लिटर सांडपाणी होतं, म्हणजे 400 घनमीटर. ते शुद्ध करायला सहसा तीन पद्धती पुढे येतात आणि नीट सांभाळल्या तर तिन्ही काम करतात. म्हणून मी आधी विचारतो, दहा वर्षांनी हे कोण चालवणार?

यांत्रिक प्लांट म्हणजे सक्रिय गाळ पद्धत. 1914 साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ती मांडली. ब्लोअरने टाकीत हवा सोडायची, जिवाणूंनी घाण खायची, मग गाळ खाली बसवून त्यातला बराचसा परत टाकीत घ्यायचा. पाणी जेमतेम दिवसभर थांबतं, त्यामुळे जागा अगदी थोडी लागते. वीज मात्र चोवीस तास हवी. लहान प्लांटला घनमीटरमागे अर्धा ते एक युनिट धरलं, तर या गावाला रोज 200 ते 400 युनिट लागतील. वीज बराच वेळ गेली की जिवाणू गुदमरतात.

शिवाय जाणता ऑपरेटर हवा. टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून तो अर्धा तास ठेवतो. चॉकलेटी गाळ खाली बसून वर नितळ पाणी राहिलं तर ठीक. गाळ फुगून वरपर्यंत तरंगत राहिला, तर हवा किंवा गाळाचं प्रमाण बिघडलंय. हे ओळखणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि दुसरा मिळाला नाही, तर महागडी यंत्रं असूनही पाणी जसंच्या तसं बाहेर पडतं.

तळ्यांना यंत्र लागत नाही. उतार असेल तर पंपही नको. पहिलं तळं खोल, तीन-चार मीटरचं. त्यात जड घाण बसून कुजते. दुसरं साधारण दीड मीटरचं, तिथे शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि जिवाणू तो वापरतात. शेवटची उथळ तळी रोगजंतू मारतात. 20 दिवस पाणी थांबवायचं तर 8,000 घनमीटर साठा हवा. बांध आणि वाट धरून जवळपास एक हेक्टर जागा.

जागा हीच मोठी अडचण. काठचं गवत कापलं नाही तर डास होतात, पहिल्या तळ्याला वास येऊ शकतो, बाहेर पडणाऱ्या पाण्यात शेवाळ असतं, आणि थंडीत सगळं मंदावतं. तरीही पाणी शेतीला द्यायचं असेल तर मी तळ्यांच्याच बाजूने. इतके दिवस थांबल्यामुळे जंतांची अंडी तळाशी बसतात. यांत्रिक प्लांटच्या पाण्यातले रोगजंतू मारायला पुढे क्लोरीन किंवा अतिनील किरण लागतात, आणि क्लोरीनने जंतांची अंडी मरत नाहीत. देखरेखही सोपी: हिरवंगार तळं निरोगी, दुसरं तळं गुलाबी-जांभळं दिसू लागलं की त्यावर घाणीचा भार जास्त झालाय. गाळ काही वर्षांनी एकदा काढायचा, पण त्या वर्षाची तरतूद आजच करून ठेवा.

रूट झोनमध्ये साठेक सेंटीमीटर खडीच्या थरात पाणकणीस लावतात आणि पाणी खडीच्या आतून, पृष्ठभागाखालून वाहतं, त्यामुळे डास आणि वास जवळजवळ नाही. उबदार हवेत माणशी एक ते तीन चौरस मीटर जागा लागते. आधी गाळ बसवणारी टाकी हवीच. ती वेळेवर उपसली नाही तर गाळ खडीत शिरतो, थर तुंबतो, आणि मग खडी काढून धुण्यावाचून गत्यंतर नाही. शे-दोनशे घरांच्या वस्तीला ही पद्धत छान, पाच हजारांना मी सुचवणार नाही.

जागा असेल तर तळी घ्या. नसेल तर यांत्रिक प्लांट घ्या, पण ऑपरेटरचा पगार आणि वीजबिल कुठून भरणार हे लेखी ठरल्यावरच. कोणताही आराखडा करून घेण्याआधी गटाराच्या तोंडाशी चोवीस तास दर तासाला प्रवाह मोजा, एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा पावसात. पावसात तो कित्येक पट वाढत असेल, तर पहिला खर्च पावसाचं पाणी वेगळं काढण्यावर करा.