माल्बेक की कार्मेनेर: परवडणारी एक बाटली निवडताना

दक्षिण अमेरिकेची रेड वाइन पहिल्यांदा विकत घेणाऱ्याची निवड बहुतेक वेळा दोन बाटल्यांवर येऊन अडते: अर्जेंटिनाची माल्बेक आणि चिलीची कार्मेनेर. किंमत जवळपास सारखी, रंग दोन्हींचा गडद आणि अल्कोहोलही दोन्हींत साधारण १३ ते १४.५ टक्के, त्यामुळे लेबल वाचून फारसे काही हाती लागत नाही. प्रत्यक्षात या दोन वाइनचे स्वभाव बरेच वेगळे आहेत, आणि त्यांतली कोणती घ्यावी हे ठरवताना त्या रात्री ताटात काय वाढले जाणार आहे हा प्रश्न आधी विचारावा, असे माझे मत आहे.

दोन्ही द्राक्षे मूळची फ्रान्सची आणि दोघांचेही नाव झाले ते घर सोडल्यावर. माल्बेक हे नैर्ऋत्य फ्रान्समधल्या काओर भागाचे द्राक्ष. तिथे त्याची वाइन काळपट, तुरट आणि काहीशी राकट होते. अर्जेंटिनात ते आणण्याचे श्रेय मिशेल पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाला दिले जाते. अर्जेंटिनातल्या मेंडोझा प्रांतात कृषिशाळा आणि द्राक्षांची रोपवाटिका उभारण्याचा प्रस्ताव १७ एप्रिल १८५३ रोजी मांडला गेला, आणि म्हणूनच १७ एप्रिल हा जागतिक माल्बेक दिन मानला जातो. मेंडोझात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. तिथली शेती अँडीजच्या वितळलेल्या बर्फाचे पाणी पाटांनी आणून केली जाते. बागा साधारण ६०० ते १५०० मीटर उंचीवर असल्याने दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा असतो. उन्हाने साल जाड होते व रंग चढतो, तर थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकून राहतो. त्यामुळे काओरमधला राकटपणा इथे मऊ पडतो आणि स्वस्त बाटलीतही फळाचा गोडसर भरदारपणा उतरतो.

कार्मेनेरची हकिकत अधिक गुंतागुंतीची आहे, आणि ती ग्राहकाने समजून घेण्यासारखी आहे, कारण या वाइनचा गुण आणि दोष दोन्ही त्या हकिकतीतच दडलेले आहेत. हे फ्रान्समधल्या बोर्दो भागाचे जुने द्राक्ष. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या द्राक्षवेलींची मुळे खाऊन टाकली आणि पुन्हा लागवड करताना फ्रेंच बागायतदारांनी या लहरी वाणाकडे पाठ फिरवली. चिलीने त्याची रोपे त्याआधीच नेलेली होती. मात्र ती मेर्लो या दुसऱ्या फ्रेंच द्राक्षाच्या वेलींत मिसळून गेली आणि शतकभर मेर्लो म्हणूनच वाढली. नोव्हेंबर १९९४ मध्ये ज्याँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ चिलीतल्या माइपो खोऱ्यातल्या एका बागेत हिंडत असताना त्यांनी या वेली ओळखल्या. तोपर्यंत ‘चिलीची मेर्लो’ म्हणून विकल्या गेलेल्या कितीतरी बाटल्यांत खरे तर कार्मेनेरच होती.

ग्राहकाच्या दृष्टीने यातला मुद्दा असा की, कार्मेनेर मेर्लोनंतर कित्येक आठवड्यांनी पिकते. मेर्लोसोबतच तोडली, तर तिच्यात हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास स्पष्ट येतो. ही नुसती उपमा नव्हे. ढोबळ्या मिरचीत जे पायराझिन वर्गातले द्रव्य असते तेच या द्राक्षातही असते, आणि ऊन लागून फळ पिकत जाईल तसे ते कमी होत जाते. आज बागायतदार तिला वेलीवर पुरेशी थांबू देतात, तरीही अगदी तळच्या किमतीच्या बाटलीत हा हिरवटपणा अजून डोकावतो. म्हणून माल्बेक घेताना सर्वांत स्वस्त बाटलीवर भागू शकते, पण कार्मेनेर घेताना एक पायरी वर चढावे, आणि लेबलवर नुसत्या देशाऐवजी कोल्चाग्वा किंवा पेउमो असे ठिकाणाचे नाव असेल, तर तिला पसंती द्यावी. ‘रेसेर्वा’ या शब्दावर मात्र फार विसंबू नये. अर्जेंटिनात त्यामागे वाइन मुरवण्याच्या किमान मुदतीची अट आहे, पण चिलीत त्याचा अर्थ बराच सैल आहे.

पेल्यात ओतल्यावर दोघींतला फरक आपोआप कळतो. माल्बेकच्या कडेला जांभळी झाक असते, आणि दोन घोट घेतल्यावर जांभळे खाल्ल्यासारखी जीभ रंगते. चवही पिकलेल्या जांभळा-करवंदांच्या जवळची, वर फुलांचा हलका गंध आणि शेवटी कोऱ्या चहाइतकाच तुरटपणा. कार्मेनेरमध्ये फळाच्या मागे आणखी काहीतरी असते: काळी मिरी, थोडा धूर, थोडी कॉफी आणि चांगल्या बाटलीत गॅसवर चिमट्याने धरून साल काळी होईपर्यंत भाजलेल्या ढोबळ्या मिरचीचा गोडसर वास. कच्ची मिरची हा दोष आणि भाजलेली मिरची हा गुण, एवढ्यावरच या वाइनचा निकाल लागतो.

आता जेवणाचा विचार. अर्जेंटिनात माल्बेक असादोबरोबर, म्हणजे निखाऱ्यांवर मीठ लावून सावकाश भाजलेल्या गोमांसाबरोबर घेतात, आणि तिचे सगळे वळण त्या चरबीदार, बिनतिखट मांसासाठीच घडले आहे. आपल्याकडे तिला सर्वांत जवळचे पडते ते बेताच्या तिखटाचे सुके मटण किंवा कबाब. तांबड्या रश्श्यासमोर ती टिकत नाही, आणि खरे सांगायचे तर कोणतीच तुरट रेड वाइन टिकत नाही, कारण अल्कोहोल आणि टॅनिन, म्हणजे वाइनला तुरटपणा देणारे द्रव्य, दोन्ही मिरचीची आग वाढवतात. त्याच ताटातल्या पांढऱ्या रश्श्याशी मात्र तिचे बरे जमते. कार्मेनेरचा पल्ला आपल्या स्वयंपाकघरात जास्त आहे असे मला वाटते, विशेषतः शाकाहारी ताटात. चुलीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि ज्वारीची भाकरी यांच्याबरोबर मी दोन्ही वाइन एकाच रात्री शेजारी ठेवून घेतल्या होत्या. माल्बेक त्या धुरकट चवीपुढे नुसती गोड वाटू लागली, तर कार्मेनेरचा धूर भरिताच्या धुरात असा मिसळला की दोघांची चव वाढली. भरल्या वांग्यांतले तीळ-शेंगदाण्याचे कूट आणि मिऱ्याची फोडणी दिलेले अळंबी सुके यांच्याशीही तिचे असेच जुळते.

दोन्ही वाइन स्वस्त वर्गातल्या असतील, तर त्या तरुणपणीच पिण्यासाठी केलेल्या असतात, ही गोष्ट विसरू नये. एका दुकानात सवलतीत मिळाली म्हणून मी सात वर्षांपूर्वीच्या द्राक्षांची एक माल्बेक घेतली होती, आणि ती फळीवर ऊन येणाऱ्या काचेशेजारी उभी होती याकडे काणाडोळा केला. घरी उघडली तेव्हा तिला उकडलेल्या मनुकांचा वास येत होता. तेव्हापासून मी आधी द्राक्षतोडणीचे वर्ष पाहतो आणि तीन-चार वर्षांपलीकडची बाटली सोडून देतो. फिरकीचे झाकण पाहून मात्र कमी दर्जा समजू नये. या वर्गात ते बुचापेक्षा भरवशाचे ठरते.

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम थंड देशांतल्या खोल्यांचा आहे. मुंबईत किंवा पणजीत मे महिन्यात खोलीचे तापमान ३० अंशांवर असते, आणि त्या तापमानाला माल्बेक पातळ सरबतासारखी लागून नुसते अल्कोहोल नाकात जाते. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी. १६ ते १८ अंशांवर दोन्ही वाइन नीट खुलतात. कार्मेनेर उघडून वीस-पंचवीस मिनिटे मोठ्या पेल्यात राहू द्यावी, म्हणजे तिचा हिरवटपणा थोडा निवळतो. माल्बेकला एवढी वाट पाहण्याची गरज नसते.

पाहुणे कोण आणि त्यांची आवड काय हे ठाऊक नसेल, तर माल्बेक घ्यावी. ती सहसा कोणाला नावडत नाही. घरच्यांसाठी भरीत-भाकरीचा बेत असेल, तर कार्मेनेर. तिची अर्धी बाटली उरली, तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी, कारण दुसऱ्या दिवशी ती मला पहिल्या दिवसापेक्षा कितीदा तरी अधिक आवडली आहे.