तेलावरचा बॉयलर बदलला: दहा महिन्यांनंतर

आमचं घर मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरजवळ. १९६२ चं लाकडी बांधकाम, सतराशे चौरस फूट. गल्लीत गॅसची लाइन नाही, म्हणून बेसमेंटमध्ये २७५ गॅलनचा तेलाचा टँक आणि त्याच्याशेजारी १९८७ सालचा कास्ट आयर्नचा बॉयलर, म्हणजे तेल जाळून पाणी तापवायचं आणि ते घरभर फिरवून घर गरम ठेवायचं यंत्र. तो बंद पडला नव्हता, हे आधीच सांगतो. २०२२ मध्ये तेल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेलं तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता. जून २०२४ मध्ये तो काढून नवीन बसवला. आता एप्रिल. एक अख्खा उन्हाळा आणि एक बऱ्यापैकी कडक हिवाळा झाला, म्हणून लिहितोय.

जुन्यात काय खटकत होतं ते आधी. त्यात गरम पाण्याची वेगळी टाकी नव्हती. बॉयलरच्या पोटातच तांब्याचं वेटोळं, नळ सोडला की पाणी त्यातून फिरून तापून येणार. इकडच्या जुन्या घरांत सर्रास हेच असतं. थोडक्यात आपला बंब. फरक एवढाच की आमच्या साताऱ्याच्या घरी आंघोळी आटपल्या की बंबातला जाळ ओढून काढायचे. इथे जुलैच्या रणरणत्या दुपारी, घरात कुणी नसतानाही, दोनेकशे किलोचं लोखंड १८० अंश फॅरनहाइटच्या आसपास तापवून ठेवायचं, कारण संध्याकाळी कुणाला तरी भांडी घासायची असतात. बेसमेंटमध्ये उन्हाळ्यात भट्टीसारखं व्हायचं. आणि एवढं करून दुसऱ्या माणसाच्या आंघोळीला पाणी कोमटच.

कोटेशन तीन घेतली. दोघांनी जुन्या बॉयलरवरचा स्टिकर वाचला आणि त्याच मापाचा नवीन सुचवला. तिसऱ्याने खिडक्या मोजल्या, माळ्यावर जाऊन इन्सुलेशन पाहिलं, बेसबोर्डचे, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या, गरम पाणी फिरणाऱ्या हीटरचे, फूट मोजले (९६ भरले) आणि हिशोब मांडला: बाहेर ५ अंश (इथले सगळे अंश फॅरनहाइटच) असताना आमच्या घराला ताशी साधारण ३८,००० बीटीयू, म्हणजे तेवढी एककं उष्णता, लागते. जुन्याचं नोझल, म्हणजे बर्नरमध्ये तेल फवारणारी तोटी, होतं १.२५ चं, म्हणजे तासाला सव्वा गॅलन तेल जाळणारं. गॅलनभर तेलात जवळजवळ १,३८,५०० बीटीयू असतात. गुणाकार करून बघा. चहासाठी हंडा चुलीवर चढवायचा तसला प्रकार. थंडीच्या रात्री मी घड्याळ लावून बसलो होतो, चार मिनिटं चालू, सहा मिनिटं बंद. प्रत्येक बंदच्या वेळी तापलेल्या लोखंडातली ऊब चिमणीवाटे आकाशात.

काम अर्थात तिसऱ्याला दिलं. नवीन बॉयलरही कास्ट आयर्नचाच, पण आत धूर तीनदा फिरवून मग बाहेर सोडणारा. नोझल ०.६० चं. हाही गरजेच्या दुप्पट आहे, पण तेलावरचे यापेक्षा फार लहान मिळतच नाहीत. सोबत ४० गॅलनची वेगळी इन्सुलेटेड टाकी. बॉयलरचं पाणी तिच्यातल्या वेटोळ्यातून फिरतं आणि नळाचं पाणी बाहेरून तापतं. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातली तीन-चार यंत्रं उन्नीस-बीस आहेत, फरक पडतो तो बसवणाऱ्याने.

गरम पाणी हा निर्विवाद फायदा. टाकीत पाणी १४० अंशांवर ठेवतात, म्हणजे त्यात जंतू वाढत नाहीत, आणि बाहेर पडताना एक व्हॉल्व्ह त्यात गार पाणी मिसळून १२० वर आणतो. आई डिसेंबरपासून आमच्याकडे आहे. तिला हा व्हॉल्व्ह दाखवला तर म्हणाली, म्हणजे विसण घालायचं यंत्र. ती अजूनही शॉवर न घेता बादली भरूनच आंघोळ करते आणि बादली सलग कढत भरते. टाकी तापत असताना घराचं हीटिंग वीसेक मिनिटं थांबतं, पण ते आम्हाला कधी जाणवलं नाही.

तेलाचं गणित. बर्नर किती तास चालला ते पॅनेलवर दिसतं. जुलैत २२ तास, म्हणजे १३ गॅलन. पूर्वी उन्हाळ्यात महिन्याला तीसच्या आसपास जायचं. हिवाळा हिवाळ्याशी थेट ताडून बघण्यात अर्थ नाही, थंडी दरवर्षी वेगळी पडते. त्यासाठी तेलवाले डिग्री-डे, म्हणजे रोज किती थंडी पडली त्याची बेरीज, मोजतात आणि गॅलनला किती डिग्री-डे निघाले यावरून पुढची गाडी कधी पाठवायची ते ठरवतात. आमचा आकडा सातवरून नऊवर आला. वर्षाला अंदाजे २४० गॅलन वाचतील, साडेतीन डॉलरने ८४० डॉलर. खर्च किती? १३,८०० ठरलेले, आणि २,६०० न ठरलेले.

त्या २,६०० बद्दल राग अजून गेलेला नाही. नवीन बॉयलरचा धूर जुन्याच्या मानाने गार असतो. गार धुरातल्या वाफेचं विटांच्या चिमणीत पाणी होतं, ते आम्ल होऊन चुना खातं. म्हणून आतून स्टेनलेस स्टीलची नळी सोडावी लागते. हे बसवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. मला कळलं जुना बॉयलर तुकडे होऊन अंगणात पडल्यावर. कोटेशनमध्ये चिमणीची ओळ आहे का, ते सही करण्याआधी बघा. तेलाची लाइन मात्र त्याने मी न सांगताच प्लॅस्टिकच्या आवरणातली घातली, म्हणजे तेल गळून पसरत नाही. राज्यात तसा कायदाच आहे, आवरण नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह, पण आमच्याकडे उघडं तांबं होतं आणि घर घेताना कुणी बोललं नव्हतं.

आता फेब्रुवारीतली गोष्ट. ऊन पडलेल्या दुपारी घर गार पडायला लागलं. सकाळी ६८, तीन वाजता ६४. थर्मोस्टॅट उष्णता मागतोय, पंप फिरतोय, आणि बेसबोर्डला हात लावावा तर नुसतं कोमट. ढगाळ दिवशी सगळं ठणठणीत. टेक्निशियन दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळी, आणि काही सापडलं नाही म्हणून गेला. तिसऱ्या दिवशी मी पॅनेलवरचे आकडे एकेक करून वाचले. बाहेरचं तापमान: ५४. खिडकीबाहेर फूटभर बर्फ आणि फोनवर २२ अंश. या बॉयलरला बाहेर एक सेन्सर असतो. बाहेर जितकी थंडी कमी तितकं पाणी कमी तापवायचं, अशी ती बचत. बूट घालून बाहेर गेलो. सेन्सर दक्षिणेच्या भिंतीवर, दुपारच्या उन्हात मस्त शेकत बसलेला. बॉयलरला वाटत होतं वसंत आला. तीस फूट वायर ओढून उत्तरेला लावला, वीस मिनिटांचं काम. त्यानंतर तक्रार नाही, आणि सगळ्यात थंड दिवशीही पाणी १५५ च्या वर न्यावं लागलं नाही.

हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र) का नाही, हे सगळे विचारतात. आमच्याकडे वीज युनिटला तीस सेंट, घरात गरम हवा फिरवणारे डक्ट नाहीत आणि वादळात लाइट जाते. बर्नरलाही वीज लागते, पण इतकी थोडी की लहानशा जनरेटरवर भागतं. सवलती मात्र मुख्यतः हीट पंपाला होत्या. निव्वळ पैसे वसूल करायचे असतील तर माझ्या हिशोबाने एकोणीस-वीस वर्षं लागतील. जुना व्यवस्थित चालत असेल आणि वेटोळ्यातून पाणी बरं येत असेल तर मी घाई करणार नाही.

गेल्या आठवड्यात पहिली सर्व्हिसिंग झाली. ब्रश फिरवल्यावर अर्धी वाटी काजळी निघाली. जुन्यातून दरवर्षी व्हॅक्युमची पिशवी भरायची. यात थोडं श्रेय तेलाचंही आहे. २०१८ पासून इथे गंधक जवळपास काढलेलंच तेल मिळतं.

राहिला टँक. तो १९८७ चाच आहे. स्टीलचे टँक आतून, बुडाशी साचलेल्या पाण्याने गंजतात, बाहेरून रंग चकचकीत दिसत राहतो. तेल भरताना हवा बाहेर जाण्याची शिट्टी वाजत असते आणि टँक भरला की ती थांबते. गाडीवाला त्या शिट्टीकडे कान लावून उभा असतो. मार्चमध्ये तो शिट्टी थांबल्यावर खाली आला, टँकच्या बुडाला बोटं फिरवली आणि ओली झालेली बोटं मला दाखवली. कोटेशन आलंय. यावेळी ओळ न् ओळ वाचतोय.